बडोद्यातील एक वक्तृत्ववर्ग: स्त्री-समतेचे भाषण श्रोत्याला कसे पटते

दांडिया बाजार भागात गेल्या काही काळापासून शनिवारी संध्याकाळी एक वक्तृत्ववर्ग भरतो. त्याचा विषय नेमका आहे: स्त्रीवाद आणि स्त्री-पुरुष विषमता यांवरची भाषणे श्रोत्याला कशी पटवतात हे वाक्यावाक्यातून तपासायचे आणि त्या अभ्यासातून स्वतःचे एक भाषण उभे करायचे. वर्ग मराठीतून चालतो. शिकवणाऱ्या बाई महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत, आणि आवाज, श्वास व व्यासपीठावरचा वावर शिकवायला हौशी नाटकांत मुरलेले एक गृहस्थ त्यांच्या जोडीला असतात. वर्ग घरगुती स्वरूपाचा आहे आणि त्याची जाहिरात होऊ नये अशी चालवणाऱ्यांची इच्छा असल्यामुळे मी त्यांची नावे येथे देत नाही. महिला मंडळांतून, ज्ञातिसंस्थांतून किंवा शाळांच्या कार्यक्रमांतून ज्यांना या विषयावर वारंवार बोलावे लागते, त्यांना या वर्गाचा खरा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे ८ मार्चला होणारी भाषणे बहुधा एकाच साच्याची असतात. जिजाबाई, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई यांची नावे घेतली जातात, आजची स्त्री विमान चालवते असे सांगितले जाते, सभागृह टाळ्या वाजवते आणि घरी परतल्यावर जेवणाची ताटे कोणी वाढायची आणि कोणी उचलायची यात काडीचा फरक पडत नाही. वक्त्यांची तळमळ खोटी असते असे मी म्हणणार नाही. मात्र श्रोत्यांतल्या न पटलेल्या माणसाकडे पाहून ते भाषण रचलेलेच नसते, आणि सभागृहात असा माणूस असतोच. तो सहसा शेवटच्या रांगेत बसलेला, बायकोला घरी न्यायला आलेला असतो. या वर्गाने मला सर्वांत आधी त्या माणसाकडे पाहायला लावले, आणि माझ्या दृष्टीने शुल्क तिथेच वसूल झाले.

अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधने सांगितली आहेत: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. बाई या तिन्हींची ओळख थोडक्यात करून देतात आणि लगेच आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेकडे वळतात. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आधी मांडायचा, तोही अशा प्रामाणिकपणे की प्रतिपक्षातल्या माणसाला आपलेच म्हणणे ऐकल्यासारखे वाटावे, आणि मगच उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, हात घालायचा, ही शिस्त त्या प्रत्येक भाषणाला लावतात. प्रत्येकाला छापील अभ्यासपत्र आणि रंगीत पेन्सिली मिळतात. दावा, पुरावा, स्वानुभव, कबुली, आवाहन अशा प्रत्येक गोष्टीला एक रंग ठरलेला असतो, आणि भाषण रंगवून झाले की कोणता रंग कुठे दाटला आहे आणि कुठे अजिबात नाही हे डोळ्यांना दिसते. पद्धत शाळकरी वाटेल, पण पन्नाशीतल्या बायका आणि महाविद्यालयातल्या मुली एकाच बाकावर बसून एकाच वाक्याच्या रंगावरून वाद घालताना पाहिल्यावर तिचे मोल कळते.

अभ्यासासाठी मुख्यतः तीन वक्त्या निवडल्या आहेत, आणि त्यांत पहिले स्थान हंसा मेहता यांना दिले आहे. या निवडीसाठी मी चालवणाऱ्यांना मनापासून धन्यवाद देते. बडोदे राज्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही कन्या १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पहिली कुलगुरू झाली, आणि विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुष या अर्थाच्या शब्दांऐवजी सर्व मानव असे शब्द आले ते त्यांच्या आग्रहामुळे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या ग्रंथालयात बसून परीक्षांचा अभ्यास केला, परंतु त्या संविधान सभेत काय बोलल्या हे वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते.

ते भाषण १९ डिसेंबर १९४६ चे आहे. भावी संविधानाची उद्दिष्टे सांगणारा ठराव जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबरला मांडला होता आणि त्यावर चर्चा चालू होती. भाषण लहान आहे, मोठ्याने वाचले तर काही मिनिटांत संपते. आरंभीच त्या म्हणतात की स्वतंत्र भारतात स्त्रियांना दर्जाची समानता मिळेल आणि संधीचीही समानता मिळेल, हे ऐकून अनेक स्त्रियांच्या मनाला समाधान वाटेल. बाईंनी या वाक्यावर बराच वेळ घालवला आणि तो योग्यच होता. ठरावावर मतदान अजून व्हायचे होते, तरीही वक्ता त्यातल्या शब्दांना दिलेले वचन मानून पुढे बोलते आहे. सभेला आता विरोध करायचा झाला तर तो हंसाबेनना करता येत नाही, स्वतःच्याच ठरावाला करावा लागतो. श्रोत्याने आधी मान्य केलेल्या गोष्टीवर पाय रोवून पुढचे पाऊल टाकण्याची ही रीत वकिलांना माहीत असते. आपण मात्र महिला मंडळात बोलताना ती क्वचितच वापरतो आणि आरंभालाच तक्रार मांडून मोकळ्या होतो.

त्यानंतर येते ती जागा मला या सबंध अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते. हंसाबेन कबूल करतात की पूर्वी आणि आजही काही स्त्रियांनी उच्च स्थान मिळवले आहे, आणि त्या सभेत उपस्थित असलेल्या मंडळींना प्रिय असलेल्या सरोजिनी नायडूंचे नाव घेतात. लगेच पुढे त्या सांगतात की अशा स्त्रिया फार थोड्या आहेत आणि त्यांच्याकडे पाहून देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचे खरे चित्र दिसत नाही. समोरचा माणूस मनातल्या मनात जो आक्षेप तयार करत असतो, की आमच्याकडे सरोजिनीबाई आहेत, मग स्त्रियांवर अन्याय कुठे आहे, तो त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच संपतो, आणि तोही सरोजिनीबाईंच्या गौरवाला धक्का न लावता. आपण दरवर्षी थोर स्त्रियांची नामावळी वाचतो तेव्हा नेमके उलटे करतो, कारण त्या नामावळीतून न पटलेल्या श्रोत्याच्या हाती आक्षेपाचे हत्यारच दिले जाते. हे भाषण सत्तर वर्षांहून अधिक काळ छापील स्वरूपात उपलब्ध असताना आपण ही युक्ती उचलली नाही, याचे मला दुःख वाटले.

पुढे त्या सर्वसामान्य स्त्रीकडे वळतात. कायदे, चालीरीती आणि व्यवहार यांनी तिच्यावर शतकानुशतके विषमता लादली, असे त्या म्हणतात, पण त्याच वेळी ज्या संस्कृतीचा आपण सर्व अभिमान बाळगतो तिच्या उंचीवरून घसरलेल्या लोकांनी हे केले, अशी मांडणी करतात. श्रोत्याचा अभिमान शाबूत राहतो आणि तोच अभिमान स्त्रीच्या बाजूला उभा राहतो. वर्गातल्या एका तरुण मुलीला हे पटले नाही. संस्कृती उंच होती हे गृहीत का धरायचे, त्या उंचीवरही स्त्री खालीच होती, असे तिचे म्हणणे होते, आणि इतिहास म्हणून ते ऐकण्यासारखे होते. बाईंनी तिला थांबवले नाही. त्यांनी फक्त विचारले की त्या दिवशी त्या सभागृहात हे वाक्य बोलले असते तर उरलेले भाषण किती जणांनी ऐकले असते. चर्चा बराच वेळ चालली आणि तिचा निर्णय त्यांनी दिला नाही. पटवणे आणि संपूर्ण सत्य सांगणे यांत ओढाताण असते, हे झाकून न ठेवल्याबद्दल या वर्गाविषयी माझा आदर वाढला.

भाषणाचा उत्तरार्ध न मागितलेल्या गोष्टींवर रचलेला आहे. आम्ही विशेष सवलती कधी मागितल्या नाहीत. राखीव जागा, ठरावीक वाटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ मागितले नाहीत. आम्ही सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला, आणि परस्परांविषयीचा आदर ज्यावर उभा राहू शकतो ती समानता मागितली. १९४६ साली जागावाटपाच्या प्रश्नाने देशाचे राजकारण पोळलेले होते, त्यामुळे ही यादी ऐकताना सभेतला संशय गळून पडला असणार. भाषणाच्या शेवटाकडे त्या सांगतात की स्त्रिया या देशाची निम्मी लोकसंख्या आहेत आणि त्यांच्या सहकार्यावाचून पुरुषांना फार दूर जाता येणार नाही. ठरावातली उद्दिष्टे कागदावर न राहता प्रत्यक्षात उतरावीत अशी आशा व्यक्त करून त्या थांबतात.

या युक्तीची किंमतही वर्गात मोजली गेली, आणि हा भाग मला फार आवडला. आम्हाला राखीव जागा नकोत हे वाक्य त्या दिवशी प्रभावी ठरले, परंतु पुढे अनेक दशके ते स्त्रियांच्याच विरोधात वापरता आले. लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची १०६ वी घटनादुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडले, आणि २०२४ च्या निवडणुकीत ५४३ जागांच्या लोकसभेवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. आज मन वळवण्यासाठी आपण काय सोडून देतो, ते उद्या परत मागता येईल का, हा प्रश्न प्रत्येक वक्त्याने स्वतःला विचारावा, असे बाईंनी सांगितले. माझे मत त्यांच्यापेक्षा थोडे कडक आहे. न मागितलेल्या गोष्टींच्या यादीत आपल्याला खरोखरच नको असलेल्या गोष्टीच असाव्यात; पुढे लागू शकेल असे काही त्या यादीत घालून टाळ्या मिळवू नयेत.

दुसरे भाषण सर्वांच्या परिचयाचे आहे. अभिनेत्री एमा वॉटसन हिने संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात २० सप्टेंबर २०१४ रोजी ही फॉर शी या, पुरुषांना स्त्री-समतेच्या कामात बोलावणाऱ्या मोहिमेच्या आरंभी ते केले. तेव्हा ती २४ वर्षांची होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेची सदिच्छादूत होऊन तिला काही महिनेच झाले होते. वर्गात आधी ध्वनिचित्रफीत दाखवतात आणि नंतर मजकूर देतात. या क्रमामागचा हेतू चांगला आहे, कारण पाहताना तिच्या आवाजातला कंप जाणवतो आणि वाचताना तो राहत नाही. भाषणाच्या परिणामात त्या कंपाचा वाटा किती आणि शब्दांचा किती हे वेगळे करून पाहता येते.

तिचे पहिलेच आवाहन मदतीचे आहे. मला तुमची मदत हवी आहे म्हणून मी तुमच्याशी बोलते आहे, असे ती सांगते. त्यानंतर पूर्वपक्ष येतो: स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणे म्हणजे पुरुषांचा द्वेष करणे, असा समज फार पसरला आहे. हा समज ती लपवत नाही, स्पष्ट शब्दांत मांडते, तो थांबला पाहिजे असे म्हणते आणि लगेच स्त्रीवादाची सरळ व्याख्या देते, की स्त्री आणि पुरुष यांना समान हक्क आणि समान संधी मिळाव्यात हा विश्वास. इतकी साधी व्याख्या ऐकल्यावर तिला नकार देणे अवघड होते. मग स्वानुभवांची मालिका येते, प्रत्येकाला वय जोडलेले. आठव्या वर्षी नाटुकले बसवण्यात पुढाकार घ्यायचा होता म्हणून तिला हुकूम गाजवणारी म्हटले गेले, आणि मुलग्यांना तसे कोणी म्हटले नाही. पंधराव्या वर्षी तिच्या मैत्रिणींनी शरीर पिळदार दिसू नये म्हणून खेळ सोडले. अठराव्या वर्षी तिचे मित्र आपल्या भावना बोलून दाखवू शकत नव्हते. पहिले अनुभव स्त्रीचे आणि शेवटचा पुरुषाचा, हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे, कारण तिथून पुढचे वळण पुरुषांकडे जाते. समता हा तुमचाही प्रश्न आहे, असे म्हणून ती पुरुषांना औपचारिक निमंत्रण देते; वडिलांच्या पालकत्वाला समाज कमी लेखतो हे स्वतःच्या घरावरून सांगते, आणि ब्रिटनमध्ये २० ते ४९ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आत्महत्या आहे याकडे लक्ष वेधते.

हंसाबेनच्या भाषणाशेजारी ठेवून वाचल्यावर दोघींतले साम्य ठळक दिसते. स्त्रीला खाली आणताना पुरुष स्वतः खाली आला, हे हंसाबेननी १९४६ साली सांगितले होते. एमा वॉटसनचे निमंत्रण त्याच विचारावर उभे आहे. फरक वक्त्याच्या विश्वासार्हतेत आहे. हंसाबेन संघटनेच्या वतीने बोलतात आणि त्यांच्या शब्दांमागे वर्षानुवर्षांचे काम उभे असते. वॉटसनला आपले वय आणि चित्रपटातली ओळख या दोन्ही गोष्टी आड येतील हे ठाऊक आहे, म्हणून ही मुलगी इथे काय करते आहे असे तुम्हाला वाटत असेल, हे ती स्वतःच बोलून टाकते. आपले आयुष्य सुदैवी आहे, आई-वडिलांनी मुलगी म्हणून प्रेम कमी केले नाही, शाळेने अडवले नाही, ही कबुलीही ती आधीच देते. आकडे देताना तिने वापरलेली एक युक्ती शिकण्याजोगी आहे. काहीच केले नाही तर समान कामाला समान वेतन मिळायला ७५ वर्षे लागतील, असे सांगताना ती जोडते की तोवर मी जवळजवळ शंभर वर्षांची झालेली असेन. पंचाहत्तर वर्षे ही संख्या कोणाला दिसत नाही. समोर उभी असलेली तरुणी शंभर वर्षांची झालेली मात्र दिसते.

तिच्या भाषणावर तेव्हाही टीका झाली की समतेसाठी पुरुषांची इतकी मनधरणी का करावी. वर्गात या टीकेला पुरेसा वेळ मिळाला नाही. माझ्या मते निमंत्रणाची भाषा घराघरांत आणि मंडळात उपयोगी पडते, कारण तिथे उद्या पुन्हा एकत्र राहायचे असते. अन्याय करणारा ओळखीचा असून जाणूनबुजून करत असेल, तेव्हा निमंत्रण अपुरे आणि कधीकधी अन्यायाचे ठरते. अशा वेळी आरोपाची भाषाच लागते.

त्या भाषेचा नमुना म्हणून पंडिता रमाबाईंची साक्ष वाचायला दिली जाते. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे पुण्यात त्यांनी साक्ष दिली. या देशातले शंभरांपैकी नव्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या आणि स्त्रीच्या योग्य स्थानाच्या विरुद्ध आहेत, स्त्रीचा जरासा दोष दिसला की ते राईचा पर्वत करतात, असे त्यांनी बजावले. साक्ष हा प्रकार भाषणाहून वेगळा आहे, समोर निर्णय घेणारे परके सरकार होते आणि ज्यांच्यावर आरोप होता ते पुरुष त्या खोलीत न्यायाधीश नव्हते, म्हणून हा थेटपणा शक्य झाला आणि उपयोगी ठरला. रमाबाई आरोप करून थांबल्याही नाहीत. स्त्री-शिक्षिका तयार करा, स्त्री-डॉक्टर तयार करा, अशा स्पष्ट मागण्या त्यांनी पुढे ठेवल्या. हा भाग वर्गात फार घाईने उरकला गेला. मराठीतून दिलेली, मराठी बाईची ही साक्ष एका पूर्ण संध्याकाळची हकदार आहे.

आकडे वापरण्यावरचा पाठ वेगळा आहे आणि तो उत्तम आहे. त्यासाठी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातील आकडे घेतले आहेत: घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. बहुतेक जण एवढेच सांगून थांबतात. बाईंनी दाखवून दिले की ही सरासरी फक्त ज्यांनी त्या दिवशी काम केले त्यांची आहे. मुळात काम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के होते. म्हणजे सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावलेला नव्हता. आकडा नीट वाचला तर तो अधिक बोलतो आणि कोणी उलटतपासणी केली तरी टिकतो. श्रोत्यांत एखादा हिशेबी माणूस असतोच, आणि आकडा चुकल्याचे त्याने पकडले की आधीचे सर्व खरे बोलणेही वाया जाते.

याच कसोटीवर अभ्यासपत्र एका ठिकाणी कमी पडते. चांगल्या माणसांनी काहीही न करणे एवढेच दुष्ट शक्तींच्या विजयाला पुरे असते, हे वाक्य वॉटसनने अठराव्या शतकातले ब्रिटिश राजकारणी व विचारवंत एडमंड बर्क यांच्या नावावर सांगितले आणि अभ्यासपत्रात ते तसेच छापले आहे. बर्क यांच्या लेखनात ते सापडत नाही, आणि ही गोष्ट अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिलेली आहे. पुरावा तपासायला शिकवणाऱ्या वर्गाने तिथे एक टीप द्यायला हवी होती. आपल्याकडेही थोरांच्या नावावर खपणाऱ्या वाक्यांचा सुळसुळाट झालेला आहे, त्यामुळे हे उदाहरण धड्यासाठी आयते हाती आले असते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप निवडीतल्या एका उणिवेवर आहे. बडोद्यात बसून स्त्री-समतेच्या भाषणांचा अभ्यास करायचा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एकही भाषण वाचायचे नाही, हे मला मान्य होत नाही. १९१७ साली याच शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, आणि सयाजीबागेतली संकल्पभूमी ती आठवण जपते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण पटवण्याच्या कलेचा अगदी निराळा वस्तुपाठ आहे. तिथे श्रोत्या अन्याय करणाऱ्या नव्हत्या, तो सोसणाऱ्या होत्या. म्हणून त्यांनी स्त्रियांनाच कर्त्या केले: जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, जाडजूड दागिने टाका, मुलींना शिकवा, अशा उद्यापासून करता येतील अशा गोष्टी सांगितल्या, आणि त्या स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ते म्हणाले, आणि त्या परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वर्गातली तिन्ही भाषणे सत्तेकडे तोंड करून केलेली आहेत. पीडितांकडे तोंड करून केलेल्या भाषणाची रचना कशी असते हे शिकल्याशिवाय हा अभ्यासक्रम पुरा होत नाही. मी हे बाईंना सांगितले तेव्हा पुढच्या तुकडीत महाडचे भाषण घेण्याचे त्यांनी मान्य केले.

आवाजाच्या पाठांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गृहस्थांची तळमळ खरी आहे, परंतु त्यांचे शिक्षण नाट्यगृहासाठी योग्य आहे आणि मंडळाच्या खोलीत तीस माणसांपुढे बोलताना इतका चढा आवाज कृत्रिम वाटतो. विराम कुठे घ्यायचा हे मात्र त्यांच्याकडून शिकावे.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने चार मिनिटांचे स्वतःचे भाषण करायचे असते आणि त्याला घरच्या माणसांना बोलावायचे असते. सर्व भाषणांत एक मला विशेष उल्लेखनीय वाटले. रावपुऱ्यात राहणाऱ्या, साठीच्या जवळ आलेल्या एका बाईंनी वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा विषय घेतला होता. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, तरी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, इथल्या महसूल दप्तराच्या भाषेत हक कमी करायचा, ही रीत चालूच आहे. त्यांचा धाकटा भाऊ समोर बसला होता. त्या म्हणाल्या, "दादा, मी घर मागत नाही. भाड्यातला वाटा मागत नाही. वहिनीच्या संसारात लुडबूड करायची नाही. कागद टाइप होऊन माझ्यापुढे आला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने खूण केलेली होती. त्याआधी कोणीतरी मला विचारायला हवे होते, एवढेच मी मागते." धाकट्या भावालाही त्या दादा म्हणतात. सभागृहात कोणी हलले नाही. हंसाबेनची रचना त्यांनी जशीच्या तशी उचलली होती आणि ती चार मिनिटांत आपली झाली होती. त्या घर मागत नाहीत हे ऐकून मला स्वतःला वाईट वाटले, कारण कायद्याने ते त्यांचेही आहे, आणि न मागितलेल्या गोष्टींविषयीची माझी शंका इथे पुन्हा उभी राहिली. कार्यक्रमानंतर त्यांच्या भावाने शिकवणाऱ्या बाईंकडून त्या भाषणाची प्रत मागून घेतली, एवढे मी पाहिले.

वर्गाचे शुल्क माफक आहे, अभ्यासपत्रे त्यातच येतात आणि विद्यार्थिनींना सवलत मिळते. जागा पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद असून कठडा एकाच बाजूला आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावे. मग त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली उघडली जाते. रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या असल्या की वाहनांच्या आवाजात मागच्या बाकांवर काही ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसावे. नवरात्रात वर्ग बंद असतो. तुकडी लहान असते आणि लवकर भरते. माझ्या तुकडीत पुरुष फारच थोडे होते, आणि पुरुषांचे मन वळवण्याच्या युक्त्या पुरुषांच्या गैरहजेरीत तपासताना अनेकदा अंदाजावर काम भागवावे लागले. एखादी युक्ती खरोखर लागू पडते का, हे सांगायला समोर कोणी नव्हते. चालवणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून जोडीने नाव नोंदवणाऱ्यांचे शुल्क कमी ठेवले आहे. जाणार असाल तर नवरा, भाऊ, मुलगा किंवा सासरे, ज्यांच्याशी हा विषय काढायला अवघड जाते त्यांनाच बरोबर घेऊन जावे, आणि पूर्वपक्ष मांडण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.